बागेतल्या तळ्यातले मासे वारंवार जखमी होतायत? आधी मोजा, मग जाळी आणा

बागेतल्या तळ्यात मासा जखमी दिसला की बहुतेक घरांत निकाल आधी लागतो आणि चौकशी मागून होते. दुपारी कुंपणावर खंड्या बसलेला दिसला होता, म्हणून आरोपी खंड्या. शेजारचं मांजर काठावर पाणी पीत होतं, म्हणून आरोपी मांजर. मग तळ्यावर जाळी येते, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा एखाद्या कोय माशाच्या कुशीवरचे खवले गेलेले दिसतात. जाळी फक्त वरून येणाऱ्याला अडवते. पाण्यात आधीपासून राहणाऱ्याला, खालून सरपटत येणाऱ्याला किंवा पंपाला तिचा काही उपयोग नाही.

सिमेंटचं किंवा प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून केलेलं, पाचशे लिटरपासून पाच-सहा हजार लिटरपर्यंतचं तळं, आणि त्यात गोल्डफिश, कोय, गप्पी, मॉली असे मासे, हे धरून पुढचं लिहितोय. गच्चीवरच्या टाकीलाही यातलं बरंचसं लागू पडेल. शेततळ्यातल्या रोहू-कटल्याचं गणित वेगळं आहे.

पहिला प्रश्न: मासे कमी झालेत का?

जखम बघण्याआधी मासे मोजा. खाणं टाकल्यावर सगळे वर येतात, तेव्हा मोबाईलने वरून दोन-तीन फोटो काढा आणि निवांत बसून फोटोवर मोजा. गप्पी मोजणं अशक्य आहे, ते सोडून द्या. गोल्डफिश आणि कोय मात्र मोजता येतात, आणि त्यांचे ठिपके वेगवेगळे असल्यामुळे कोण गेला हेही कळतं.

मासे खाणारा प्राणी माशाला जखमी करायला येत नाही, गिळायला येतो. त्यामुळे बाहेरचा शिकारी असेल तर लहान मासे गायब होतात आणि मोठे जखमी होतात. जखमी मासा म्हणजे चोचीत किंवा जबड्यात मावला नाही, निसटला, असा मासा. उलट, गणती जशीच्या तशी आहे, एकही मासा कमी नाही, तरी जखमा होतायत, तर बाहेर बघू नका. कारण तळ्यातच आहे: पंप, परजीवी, विणीचा पाठलाग, एखादा सोबतचा मासा, किंवा पाणीच. माझ्या मते निम्मा शोध या एका गणतीत संपतो, आणि लोक नेमकी तीच करत नाहीत.

तिसरी शक्यता म्हणजे मासे जातायत आणि जखमी कोणीच नाही. मग शिकारी तुमच्या सगळ्यात मोठ्या माशालाही सहज उचलेल एवढा आहे, किंवा तळ्यात सगळेच मासे लहान आहेत. पाण्यावर अर्धवट खाल्लेला मासा मिळाला तर त्याच्यावरून लगेच काही ठरवू नका. आधीच मेलेल्या माशाला गोगलगायी, खेकडे, बेडूकमासे, कावळे सगळेच खातात. जखमेच्या कडेला लाली असेल तर घाव माशाच्या जिवंतपणी झालाय. कडा पांढुरकी, रक्ताचा मागमूस नाही, तर बहुतेक वेळा मासा आधी मेला आणि खाणारे नंतर आले.

जखम कुठे आहे, कशी आहे

जखमी मासा हातजाळीने काढून पांढऱ्या टबात तळ्यातल्याच पाण्यात ठेवा आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. हात ओले करूनच माशाला धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून नवी जखम सुरू होते.

पाठीवर, डोक्याच्या मागे, दोन्ही बाजूंना समोरासमोर ओरखडे असतील तर ते चोचीचे. बगळा पकडतो चिमट्यासारखा, त्यामुळे खूण एका बाजूला एकटी सहसा नसते. कधी पाठीत सरळ भोसकल्यासारखं एकच खोल भोकही दिसतं. ते मोठ्या बगळ्याचं काम.

पाठीवर किंवा वरच्या कुशीवर तीन-चार समांतर रेघा असतील तर पंजा. मांजर बहुतेक वेळा. अशा वेळी काठापासून हातभर लांब जमिनीवर एखादा खवला चिकटलेला सापडतो. तो नक्की शोधा.

माशाच्या मधोमध, पोटापासून पाठीपर्यंत, बारीक टोचल्याच्या वाकड्या ओळी दिसल्या तर साप. दिवड, म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप, माशाला मध्येच धरते आणि मग काठाकडे नेऊन डोक्याकडून गिळायला बघते. त्या धडपडीत मासा सुटला तर अशा ओळी मागे राहतात.

एकाच कुशीवर पैशाएवढा भाग खवल्यांसकट खरवडलेला, पण खोल नाही, आणि तोही नेहमी जाड, संथ माशांवरच असेल तर तळ्यातल्या सकर माशावर (शेवाळ खातो म्हणून आणतात तो) संशय घ्या. शेपूट आणि पर कातरलेले, अंग मात्र ठीक असेल तर कुरतडणारा सोबती किंवा खराब पाणी. अंगावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके विखुरलेले आणि मासा तळाला, भिंतीला अंग घासतोय, तर परजीवी.

कापसासारखं पांढरं काही जखमेवर दिसलं तर ती बुरशी आहे. ती कारण नव्हे, मागून आलेली आहे. ती वाढायला दिवस-दोन दिवस लागतात. म्हणजे बुरशी दिसली की घाव कालचा किंवा परवाचा समजायचा आणि चौकशी त्या रात्रीची करायची.

घड्याळ आणि रांगोळी

सकाळी लवकर एकदा आणि अंधार पडण्याआधी एकदा, अशा दोन वेळा आठवडाभर बघा. ताजी जखम कोणत्या वेळी सापडते ते वहीत लिहा. खंड्या, वंचक (यालाच ढोकरी म्हणतात), मुंगूस, कावळा हे दिवसाचे. रातबगळा, मांजर, घूस, सकर हे मुख्यतः रात्रीचे. दिवड दोन्ही वेळी फिरते. ज्याला तुम्ही दिवसा बघता तो काठावर दिसतो म्हणून आठवतो, पण ज्या तळ्यात सकाळी जखमा सापडतात तिथे दुपारचा पाहुणा निर्दोष आहे.

काठाभोवती हातभर रुंदीचा पट्टा रांगोळीने भरा. पीठ नको, मुंग्या येतात. साधी पांढरी रांगोळी घ्या, रंगीत नको, आणि पाण्यात पडणार नाही इतकी कडेपासून दूर टाका. मांजराचं पाऊल गोल, चार बोटांचं, नख न उमटलेलं. कुत्र्याचंही चार बोटांचं, पण नखं उमटतात. मुंगसाच्या पावलाला पाच बोटं आणि पुढे बारीक नखांच्या खुणा. बगळ्याची तीन लांब बोटं पुढे आणि एक मागे, पावलापावलात बरंच अंतर. सापाची नुसती नागमोडी पुसट रेघ. पावसाळ्यात रांगोळी टिकत नाही, तेव्हा उथळ ट्रेमध्ये ओली बारीक वाळू सारखी करून काठावर ठेवा.

कॅमेरा असेल तर उत्तमच, पण एक गोष्ट लक्षात घ्या. हालचाल झाली की चालू होणारे बरेचसे कॅमेरे अंगाच्या उष्णतेतला फरक ओळखतात. थंड रक्ताचा साप त्यांच्यासमोरून गेला तरी ते झोपलेलेच राहतात. सापाचा संशय असेल तर रात्रभर सलग चित्रण करणारा साधा वायफाय कॅमेरा लावा, आणि तो पाण्याकडे नव्हे, काठाकडे रोखा. पाण्याच्या चकाकीत काही दिसत नाही.

बाहेरचे

शहरातल्या तळ्यांचा सगळ्यात दुर्लक्षित चोर म्हणजे रातबगळा. जाडसर बांधा, आखूड मान, काळी पाठ, लाल डोळे. दिवसा तो मोठ्या झाडाच्या दाट फांद्यांत पाय मुडपून झोपतो, अंधार पडता पडता ‘क्वॉक’ असा घोगरा आवाज करत उडतो आणि पहाटेपर्यंत काठाकाठाने शिकार करतो. नदीकाठच्या मोठ्या झाडांवर त्यांच्या वसाहती असतात, अगदी भर गावातसुद्धा. पावसाळ्यात पिल्लं झाली की खायला जास्त लागतं आणि मग हे पक्षी दिवसाही येतात. जून ते सप्टेंबरमध्ये एकदम मासे कमी व्हायला लागले, पहाटे काठावर पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे दिसले, तर याच्याकडे वळा.

वंचक लहान. त्याला पाण्यात उभं राहायला उथळ जागा लागते, किंवा कमळाच्या कुंडीची कड, किंवा जाड पान. मातकट रंगामुळे बसलेला दिसतच नाही, उडाला की पांढरे पंख दिसतात. उन्हाळ्यात पाणी वीतभर खाली गेलं की एरवी बुडालेली पायरी उघडी पडते आणि ती त्याची हक्काची जागा होते. ‘दर एप्रिल-मेमध्येच असं होतं’ म्हणणाऱ्यांनी पाण्याची पातळी तपासावी. बगळे थेट पाण्यात झेप घेत नाहीत, जवळ उतरून चालत आत येतात. म्हणून काठ सरळ उभा आणि पाणी दोन फुटांपेक्षा खोल असेल तर त्यांना उभं राहायला जागाच उरत नाही. काठापासून थोडं आत, वीतभर उंचीवर, ताणून बांधलेली जाड दोरी पायात येते आणि बराच फरक पडतो. तंगूस, म्हणजे गळाचा पारदर्शक नायलॉन दोरा, वापरण्याचा मोह होतो कारण तो दिसत नाही, पण सैल पडलेला तंगूस पक्ष्याच्या पायात आणि सापाच्या अंगात रुतून बसतो. दिसणारी दोरीच बांधा. प्लॅस्टिकचा बगळा ठेवून खरा बगळा येत नाही, असं दुकानदार सांगतात. वंचक आणि बगळे एकमेकांच्या आसपास निवांत चरताना आपण कुठल्याही भातखाचरात बघतो, तेव्हा त्या पुतळ्यावर पैसे घालू नका. जुन्या सीडी टांगल्या तर काही दिवस काम होतं, मग पक्षी सरावतात.

खंड्याची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्याकडे नेहमी दिसणारा पांढऱ्या गळ्याचा खंड्या मुळात सरडे, टोळ, खेकडे, बेडूक यांवरही जगतो. मासा घेतो तो बोटाएवढा, फांदीवर आपटून अख्खा गिळतो. गप्पी आणि मॉली कमी झाल्या तर त्याला जरूर धरा. पण कोयच्या पाठीवरचा घाव त्याच्या नावावर मांडू नका. पाणकावळा मात्र वेगळा: तो पाण्याखाली पोहून माशाचा पाठलाग करतो, खोलीने त्याला अडत नाही. तो छोट्या तळ्यावर क्वचितच येतो, मोठ्या जलाशयाजवळ असाल तरच विचार करा. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठी घर असेल आणि एका रात्रीत मोठे मासे डोक्यासकट गेले असतील, काठावर खवले-काट्यांची घाण पडली असेल, तर पाणमांजरही शक्य आहे.

मांजर फार आत जात नाही. काठोकाठ भरलेलं तळं त्याच्या सोयीचं. पाणी काठापासून वीतभर खाली आणि काठाची फरशी दोन-तीन इंच आत झुकलेली असली की पंजा पोचत नाही. नेमकी तीच फरशी माशांना लपायलाही उपयोगी पडते.

दिवड किंवा विरोळा बिनविषारी आहे, पण चिडखोर, चावायला मागेपुढे पाहत नाही. ती येते ती बहुतेक बेडकांच्या मागे. पावसाळ्यात तळ्याच्या दगडांत, कुंड्यांच्या मागे, पालापाचोळ्यात तिला जागा मिळाली की मुक्काम वाढतो. दगडांमधल्या फटी सिमेंटने बुजवा, काठावरचा कचरा काढा. बारीक नायलॉन जाळी जमिनीलगत सोडली की साप तिच्यात अडकून मरतो आणि मासे खाणाराही तोच आहे असं नाही. ओळख पटत नसेल तर स्वतः हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे. बगळे, दिवड, मुंगूस, पाणमांजर यांना मारणं किंवा पकडून ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विष, फासे, चिकट पट्ट्या हे सगळं विसरा.

पाण्यातला राक्षसी ढेकूण बऱ्याच जणांनी पाहिलेलाच नसतो. दोन-तीन इंच लांब, सपाट, तपकिरी, पुढचे पाय पकडीसारखे. तो माशाला धरून सोंड खुपसतो, आतलं पातळ करून शोषतो. बळी अख्खाच असतो, पण फिकट, रिकामा, आणि नीट बघितलं तर एकच भोक. हे किडे पावसाळी रात्री दिव्याकडे उडत येतात. तळ्याभोवती शोभेचे एलईडी रात्रभर चालू ठेवले असतील तर आमंत्रण तुम्हीच दिलंय. दिवे दहाला बंद करा आणि असलेले किडे हातजाळीने काढा, बोटांनी नको, चावा फार झोंबतो. चतुराच्या अळ्या फक्त पिल्लं खातात. त्यांच्यामुळे मोठ्या माशाला जखम होत नाही.

गणती पूर्ण असेल तर

तळेगावच्या एका बंगल्यातली गोष्ट. तळ्यावर चौकटीवर ताणलेली चांगली जाळी होती, काठावर रांगोळीत एकही पाऊल नव्हतं, मासे सगळे जागेवर. तरी दर काही दिवसांनी सकाळी दोन जाड कोयच्या कुशीवर ताजा खरवडलेला चट्टा. दोष रातबगळ्याचा, मांजराचा, शेवटी वॉचमनच्या मुलांचा असा फिरत राहिला. रात्री अकराच्या पुढे टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून पाण्यात बघितलं तेव्हा सकर मासा कोयच्या अंगाला तोंड लावून चिकटलेला दिसला. शेवाळ खातो म्हणून बोटभर असताना आणला होता, आता फुटापेक्षा मोठा झालेला.

सकर मूळ दक्षिण अमेरिकेतला, निशाचर, आणि दीड फुटापर्यंत वाढतो. शेवाळ संपलं किंवा त्याला पुरेसं खायला मिळालं नाही की तो रात्री संथ झोपलेल्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायला लागतो. एकदा चटक लागली की सुटत नाही. त्याला वेगळ्या टाकीत हलवणं हाच उपाय. ओढ्यात, नदीत, धरणात सोडू नका. देशातल्या अनेक जलाशयांत तो असाच सोडलेल्या माशांतून पसरला आहे, कोळ्यांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांची जागा घेतो.

कमळाच्या मुळांतून किंवा ओढ्याच्या पाण्यातून चिलापीची पिल्लं येतात, तीही मोठी झाली की इतरांचे पर कुरतडतात. तळ्यात सोडलेलं लाल कानांचं कासव तर माशांचे पर आणि शेपट्या आरामात तोडतं. चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेला दिसतो.

विणीचा पाठलाग हा निरुपद्रवी वाटणारा, पण बराच नुकसान करणारा प्रकार. कोय हा कॉमन कार्पच्याच जातीचा, आणि आपल्याकडे कार्पची वीण प्रामुख्याने जानेवारी ते मार्च आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये होते. पहाटे दोन-तीन नर एका मादीला ढुसण्या देत भिंतीवर, दगडांवर घासत नेतात. सकाळी मादीच्या दोन्ही कुशींचे खवले निघालेले, शेपूट फाटलेलं. ओळख अशी: फुगलेल्या पोटाच्या एक-दोन माशांनाच जखमा, नर ठणठणीत, आणि पाण्यातल्या झाडांच्या मुळांना साबुदाण्यापेक्षा लहान अंडी चिकटलेली. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर या काळात पांढरे बारीक ठिपके येतात. त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून औषध ओतू नका. रोगाचे ठिपके अंगभर, कसेही पसरलेले असतात. दमलेल्या मादीला दोन-तीन दिवस वेगळं ठेवा आणि तळ्यातले धारदार दगड काढा. हे दगड तसेही काढायलाच हवेत, कारण दचकलेला मासा त्यांच्यावरच आपटतो. दिवाळीत फटाक्यांच्या रात्रीनंतर नाक आणि कुशी सोललेले मासे दिसले तर चोर शोधत बसू नका.

पंपाबद्दल एवढंच: निरोगी मासा पंपाच्या जाळीला सहसा चिकटत नाही. चिकटला तर तो आधीच अशक्त होता किंवा जाळी फार जोरात ओढतेय. पंपाला मोठा स्पंजचा किंवा टोपलीचा गाळणा लावा, ओढ पसरते. पण मासे एकाएकी झटके देतायत, पाठीचा कणा वाकडा झालाय असं दिसलं तर पंपाच्या वायरमधून पाण्यात करंट उतरत असण्याची शक्यता आहे. हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. तळ्याच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा. यात माशांपेक्षा तुमचा जीव महत्त्वाचा.

आता आर्गुलस, म्हणजे माशांवरची ऊ. पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमांत मला सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो. पाच ते आठ मिलिमीटरचा, चपटा, काचेसारखा हिरवट, दोन काळे डोळे असलेला, माशाच्या अंगावर सरकताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. मासा अंग घासतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि त्या घासण्यातून आणि उवेच्या चाव्यातून लाल जखमा होतात. नवीन मासा किंवा नवीन पाणवनस्पती आणल्यावर काही आठवड्यांनी सुरू झालं असेल तर संशय पक्का धरा. याचा भाऊबंद म्हणजे अँकर वर्म: अंगातून पांढुरका दोरा बाहेर लोंबतो, मुळाशी लाल गाठ.

हा प्रकार पुन्हा उद्भवतो याचं कारण असं की आर्गुलसची मादी मासा सोडून जाते आणि भिंतीवर, दगडावर, कुंडीवर अंड्यांच्या पट्ट्या चिकटवते. माशांवरच्या उवा चिमट्याने काढल्या, औषध एकदा दिलं, मासे स्वच्छ दिसले, तरी आपल्या उष्ण हवेत साधारण दोन आठवड्यांत नवी फौज बाहेर पडते. म्हणून कोणताही उपचार दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावाच लागतो. मत्स्यशेतीत एक साधी युक्ती वापरतात: पाण्यात लाकडी फळी किंवा बांबू उभे रोवायचे, मादी त्यावर अंडी घालते, दर आठवड्याला ते काढून कडक उन्हात वाळवायचे. छोट्या तळ्यात हे सुरेख चालतं. शेतीचं कीटकनाशक अंदाजाने ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मात्रा इतकी सूक्ष्म असते की चमचाभर चूक सगळं तळं संपवते.

थंडी पडल्यावर, डिसेंबरच्या आसपास, लाल ठिपक्यांतून खोल व्रण होणारा एक रोगही आहे. भारतात १९८८ पासून त्याची नोंद आहे. तो जिवाणूपासून नव्हे, पाण्यातल्या बुरशीसदृश जीवामुळे होतो. मरळ आणि ओढ्यातले छोटे मासे त्याला लवकर बळी पडतात, कॉमन कार्प आणि कोय त्या मानाने टिकून राहतात. तळ्यात ओढ्यातून धरलेले मासे सोडले असतील तर हा मुद्दा विसरू नका.

आणि पाणी. नव्या सिमेंटच्या तळ्यातून चुना सुटतो, पीएच नऊच्या वर जातो, पर लाल होतात आणि अंगावर दुधट थर येतो. नवं तळं दोन-चार वेळा भरून रिकामं करणं, केळीच्या खुंटाचे तुकडे आठवडाभर भिजत ठेवणं, ही जुनी पद्धत आजही चालते. अमोनिया तपासायचं थेंबाचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. आकडा शून्याच्या वर असेल तर परांच्या जखमांचं कारण तुमच्या हातात आहे. रोज थोडं पाणी बदला, खाणं निम्म्यावर आणा. नळाचं पाणी थेट सोडू नका, क्लोरिन जायला ते दिवसभर उघडं ठेवा.

जखमी माशाचं काय

वेगळ्या टबात, हवेचा पंप लावून, सावलीत ठेवा. दर लिटरला तीन ग्रॅम खडे मीठ, म्हणजे शंभर लिटरला तीनशे ग्रॅम, आधी विरघळवून दोन-तीन टप्प्यांत घाला. हे मीठ मुख्य तळ्यात नको, कमळ आणि कुमुदिनी सहन करत नाहीत. तळ्यात काहीही घालायचं झालं तर आधी पाणी किती आहे ते काढा: लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर मिळतील. फाटलेले पर आणि गेलेले खवले परत येतात. जखम रोज वाढतेय, मासा खात नाही, तर फोटो आणि पाण्याचे आकडे घेऊन जाणकाराकडे जा. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय असतं.

जाळी लावायचीच असेल तर

चोर पक्षी किंवा मांजर आहे हे ठरल्यावरच. कबुतरांसाठी मिळणारी जाळी बगळ्यासाठी पुरते, पण ती चौकटीवर ताणून, पाण्यापासून निदान फूटभर वर बांधा. पाण्यावर लोंबणाऱ्या जाळीवर बगळा उभा राहतो आणि भोकातून चोच घालतो. गप्पी वाचवायच्या असतील तर भोकं लहान हवीत, तेव्हा शेडनेट बरं, उन्हाळ्यात सावलीही मिळते. जमिनीलगतचा हातभर पट्टा मात्र सैल जाळीचा न ठेवता पत्र्याचा किंवा घट्ट प्लॅस्टिकचा करा. आणि जाळीखाली माशांना लपायला जागा द्या: सहा इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे, आडवी ठेवलेली मातीची कुंडी, दोन मंगलोरी कौलं. निम्मा पृष्ठभाग कुमुदिनीच्या पानांनी झाकलेला असेल तर पुष्कळदा जाळीची गरजही उरत नाही.

मदत मागताना एवढं सांगा: तळ्याची लांबी-रुंदी-खोली, कोणते मासे किती होते आणि किती आहेत, ताजी जखम सकाळी सापडते की संध्याकाळी, माशाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पीएच आणि अमोनिया, शेवटचा नवा मासा किंवा झाड कधी आणलं, आणि तळ्यात सकर आहे का.